विजेचे बिल, गॅस आणि उरलेले अन्न : घरातला पैसा नेमका कुठे झिरपतो?

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि त्या महिन्याचे विजेचे बिल हाती आले की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : एवढे बिल आले कसे? बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशा ओळी छापलेल्या असतात. त्यातच आता स्मार्ट मीटरची चर्चा सुरू झाल्यामुळे अनेकांचा गोंधळ आणखी वाढला आहे. मग उपाय म्हणून मुलांना दिवा बंद न केल्याबद्दल आणि चार्जर बोर्डातच ठेवल्याबद्दल बोलणी बसतात. दिवे बंद करणे योग्यच आहे, पण त्याच घरात टाकी भरून वाहत असताना मोटर चालू असते, पातेल्यावर झाकण नसते आणि फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात चार दिवसांपूर्वीची भाजी पडलेली असते. बचत करायची म्हणजे गरज मारायची नाही; ज्याचा कोणालाच उपयोग झाला नाही, असा खर्च थांबवायचा. तो खर्च बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो कसा होतो हे समजून घ्यावे लागते.

वॅट आणि युनिट

एखादे उपकरण किती वेगाने वीज घेते, ते वॅटमध्ये सांगतात. त्या वेगाने ते किती तास चालले, हे धरून जो हिशेब होतो तो युनिटमध्ये. १,००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. शेतात मोटर किती एचपीची आहे एवढे सांगून भागत नाही, ती किती तास चालली हेही विचारावे लागते, हे खान्देशातल्या शेतकऱ्याला वेगळे शिकवायला नको.

हा साधा गुणाकार घरात लावला की आश्चर्यकारक गोष्टी दिसतात. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. म्हणायला लहान उपकरण. पण असे तीन पंखे उन्हाळ्यात दिवसाला १५ तास फिरले, तर महिन्याला सुमारे १०० युनिटे होतात. उलट २,००० वॅटचा गिझर पाहून भीती वाटते, पण १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापवायला त्याला साधारण अर्धे युनिट पुरते. तो बंद करायचे विसरून दिवसभर चालू ठेवला, तर मात्र टाकीतली उष्णता हवेत जात राहते आणि गिझर ती पुन्हा पुन्हा भरून काढतो. आपल्याकडे मार्च ते जून छतावरच्या टाकीतले पाणी आपोआपच कोमट-गरम असते. त्या चार महिन्यांत गिझरचे बटण बंदच ठेवावे.

राहिला चार्जर. मोबाइल न लावता बोर्डात राहिलेला चार्जर महिन्याभरात युनिटाचा अगदी क्षुल्लक भाग घेतो. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचे मात्र तसे नाही. टीव्ही बंद असतानाही तो १० वॅटच्या आसपास वीज घेत राहिला, तर महिन्याला सात युनिटे जातात. चार्जरवरून होणारी बोलाचाली या डब्याकडे वळवली, तर निदान काही पदरात पडेल.

शेवटची युनिटे सर्वांत महाग

महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिली १०० युनिटे स्वस्त, १०१ ते ३०० चा टप्पा महाग, ३०१ ते ५०० त्याहून महाग आणि ५०० च्या पुढे आणखी महाग. दर वेळोवेळी बदलतात, पण अलीकडच्या दरपत्रकांत दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या दुपटीहून अधिक आहे. त्यावर वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरले की दुसऱ्या टप्प्यातले प्रत्येक युनिट दहा रुपयांच्या पुढे जाते.

येथे एक गैरसमज सर्वत्र आढळतो. १०० ऐवजी १०१ युनिटे झाली की सगळ्याच बिलाला वरचा दर लागतो, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. वरचा दर फक्त त्या टप्प्यात पडलेल्या युनिटांना लागतो. पहिल्या शंभराचा दर तसाच राहतो. मात्र याच नियमामुळे बचतीचा फायदा अपेक्षेपेक्षा मोठा होतो, कारण आपण वाचवतो ते युनिट नेहमी वरच्या टोकाचे, म्हणजे सर्वांत महाग असते.

समजा, एका घरात महिन्याला १८० युनिटे जळतात. हिशेबापुरता पहिला दर एक आणि दुसरा दर बरोबर दोन मानू. पहिल्या शंभराचे १०० आणि उरलेल्या ८० चे १६०, मिळून २६०. आता या घराने ६० युनिटे वाचवली. उरलेल्या १२० युनिटांचे होतात १४०. वापर एक तृतीयांशाने घटला, पण वीज आकार जवळजवळ निम्म्यावर आला. ही ६० युनिटे कुठून आणायची? वर सांगितलेले तीन जुने पंखे बदलून ३० वॅटच्या आसपासचे बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचे) पंखे लावले, तर तेवढीच युनिटे वाचतात. असा एक पंखा साधारण अडीच ते साडेतीन हजारांना मिळतो आणि उन्हाळ्यात महिन्याला वीस युनिटे वाचवतो. सगळे पंखे एकदम बदलायची घाई करू नये. ज्या खोलीत पंखा सर्वांत जास्त तास फिरतो, तिथला आधी बदलावा. पाहुण्यांच्या खोलीतला जुना पंखा तसाच राहिला तरी काही बिघडत नाही.

स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर प्रति युनिट सवलत मिळू लागली आहे. पाण्याची मोटर, कपडे धुण्याचे यंत्र आणि इस्त्री ही कामे या वेळेत उरकली, तर तेवढ्याच विजेचे पैसे कमी होतात.

फ्रिज थंडी तयार करत नाही

विहिरीचे काम सुरू असताना तळाशी सतत पाझर येतो आणि मोटर लावून पाणी उपसत राहावे लागते. फ्रिज आणि एसी नेमके हेच काम करतात, फक्त पाण्याऐवजी उष्णतेचे. बाहेरची उष्णता भिंतींतून, दाराच्या फटींतून आत पाझरते आणि यंत्र ती उपसून बाहेर टाकते. म्हणून फ्रिजच्या मागची किंवा बाजूची जाळी गरम लागते. हे एकदा ध्यानात आले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत : एक तर पाझर कमी करायचा, नाही तर उपसलेली उष्णता सहज बाहेर जाईल अशी वाट ठेवायची.

पश्चिमेच्या उन्हाने तापलेल्या भिंतीला खेटून ठेवलेला फ्रिज दोन्ही बाजूंनी मार खातो. आत पाझर वाढतो आणि मागे उष्णता टाकायला जागा नसते. तो भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे, हा फुकटचा उपाय आहे. दाराच्या रबराची परीक्षा कागदाने करावी. कागद दारात धरून दार लावावे आणि ओढून पाहावा. तो सहज सुटून आला, तर रबर सैल झाले आहे आणि दिवसरात्र गरम हवा आत शिरते आहे. वाफाळती भाजी आत ठेवली, तर तिची सगळी उष्णता उपसण्याचे पैसे आपणच देतो. बर्फ साचणारा साधा फ्रिज असेल, तर बर्फाचा थर अर्धा सेंटिमीटर झाला की तो वितळवावा.

रात्री फ्रिज बंद ठेवला तर? हा प्रश्न हमखास विचारला जातो. बंद काळात आत पाझरलेली उष्णता सकाळी उपसावीच लागते, त्यामुळे विजेची बचत नगण्य होते. मधल्या काळात दूध आणि भाजी खराब होते, ते नुकसान मात्र खरे असते. भारनियमनात दार उघडले नाही, तर फ्रिजमधला थंडावा साधारण चार तास टिकतो. फ्रीझरच्या मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या, तर तो आणखी टिकतो.

दीड टनाचा एसी भर उन्हाळ्यात तासाला एक ते दीड युनिट घेतो. रोज आठ तास चालला, तर महिन्याची बेरीज अडीचशे युनिटांच्या पुढे जाते आणि ती सगळी वरच्या टप्प्यांत पडतात. १ जानेवारी २०२० पासून भारतात विकल्या जाणाऱ्या एसींचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवणे बंधनकारक झाले, ते ऊर्जा दक्षता ब्युरोच्या शिफारशीवरून. तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्युरो सांगतो. १६ वर ठेवल्याने साधा एसी खोली लवकर थंड करत नाही, तो फक्त अधिक वेळ चालतो.

खान्देशाच्या हवेला मात्र एसीहून कूलर अधिक शोभतो, असे माझे ठाम मत आहे. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. एक लिटर पाणी वाफ होऊन हवेत जाताना सुमारे दोन तृतीयांश युनिटाएवढी उष्णता शोषून घेते, आणि हवा जितकी कोरडी तितके हे काम झपाट्याने होते. एप्रिल-मेमधली आपली हवा कोरडी ठणठणीत असते, म्हणून २०० वॅटचा कूलर दहा तास चालूनही दिवसाला दोनच युनिटे घेतो आणि खोली खरोखर थंड करतो. अट एकच : समोरची खिडकी उघडी हवी. कूलर लावून दारे-खिडक्या बंद केल्या, तर आतली हवा ओलसर होते, बाष्पीभवन थांबते आणि अंग चिकट होते. मग लोक कूलरलाच दोष देतात. मृगाचा पाऊस सुरू झाला आणि हवेत दमटपणा आला की मात्र कूलरचा उपयोग संपतो.

पाझर रोखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय घराच्या डोक्यावर आहे. धाब्याच्या घरांची जाड मातीची छते दुपारची उष्णता खाली येऊ देत नव्हती. त्यांच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला आणि तो दिवसभर तापून रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. उन्हाळ्याच्या तोंडावर स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारले, तर ऊन परावर्तित होते आणि पंखा, कूलर, एसी या तिघांचेही काम हलके होते.

उघड्या पातेल्यात उकळते पाणी आणखी तापत नाही

कूलरमध्ये पाण्याचा जो गुण आपल्या उपयोगी पडतो, तोच स्वयंपाकघरात गॅस खातो. उघड्या पातेल्यात पाणी उकळू लागले की त्याचे तापमान १०० अंशांच्या आसपास थांबते. त्यानंतर गॅस कितीही मोठा केला, तरी डाळ लवकर शिजत नाही. जास्तीची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. एक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपटीहून अधिक उष्णता तेच पाणी वाफ करून उडवायला लागते. शेगडीत होणारे नुकसान धरले, तर असे एक लिटर पाणी उडवायला साधारण ७५ ग्रॅम गॅस जातो. घरात दिवसभरात विनाकारण अर्धा लिटर पाणी उडाले, तरी महिन्याला किलोभर गॅस झाला, आणि सिलिंडरमध्ये तो असतो १४.२ किलो.

त्यामुळे दोन गोष्टी पुरतात : उकळी आली की आच बारीक करणे आणि झाकण ठेवणे. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडल्याने पाणी १२० अंशांच्या आसपास पोहोचते, म्हणून डाळ लवकर शिजते. पण शिट्टी म्हणजे बाहेर टाकलेली वाफ, म्हणजेच बाहेर टाकलेला गॅस. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करून मिनिटे मोजावीत, शिट्ट्या नव्हे. तूर, हरभरा, मठ आधी भिजवले तर ही मिनिटेही घटतात.

भाजीबरोबर गॅसही टाकला जातो

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतातल्या घरांत दर माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते. चार माणसांच्या घरात हे दिवसाला सहाशे ग्रॅमच्या आसपास होते. या आकड्यात साली, देठ, बिया यांचाही समावेश आहे, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण खाण्याजोगा भाग यातून वेगळा काढला, तरी तो दुर्लक्ष करण्याइतका लहान नसतो. शिजवलेली भाजी टाकली जाते तेव्हा तेल, गॅस आणि ती फ्रिजमध्ये ठेवल्याची वीजही तिच्याबरोबर जाते. कच्ची कोथिंबीर वाया जाण्यापेक्षा रांधलेले अन्न वाया जाणे अधिक महाग पडते, ते यामुळे.

नासाडीची सुरुवात बहुतेक वेळा साठवणुकीत होते. केळीच्या मुलखात राहून एक गोष्ट आपल्याला ठाऊक असायला हवी : पिकणारी केळी इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्या वायूने जवळची फळे-भाज्याही लवकर पिकतात, पालेभाज्या पिवळ्या पडतात. म्हणून केळीची फणी टोमॅटो आणि मेथीपासून लांब ठेवावी. केळी फ्रिजमध्ये ठेवू नयेत, कारण सुमारे १३ अंशांखाली त्यांची साल काळवंडते. आधीच पूर्ण पिकलेले केळे ठेवावेच लागले, तर वरून काळे दिसले तरी आतला गर चांगला असतो आणि तो टाकू नये. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवले, तर दोन्ही लवकर खराब होतात. पालेभाजी न धुता, सुती फडक्यात गुंडाळून ठेवावी.

धान्याच्या बाबतीत आपल्या घरांना कोणी नवे काही शिकवावे असे नाही. दादर ज्वारी उन्हात इतकी वाळवायची की दाणा दाताखाली कट्कन तुटावा, तुरीच्या डाळीला एरंडेल चोळायचे, कोठीत कडुनिंबाचा पाला टाकायचा, या रीतींमागे एकच कारण आहे : ओलावा गेला की कीड आणि बुरशी दोघांनाही जगणे अवघड होते. बिबडे, कुरडया, सांडगे, वाळवलेल्या लाल मिरच्या हा सगळा उन्हाळी उद्योग म्हणजे सूर्याच्या फुकट उष्णतेवर अन्न वर्षभर टिकवणे होय. ही विद्या आता विकतच्या पुड्यांमुळे मागे पडते आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुढचा टप्पा रांधण्याचा. कणीक मळण्यापूर्वी आज जेवायला कोण आहे, हे विचारणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय आहे. बाकी काही गोष्टी रांधण्याच्या क्रमाने साधतात. वरण-बट्टीच्या बेतात बट्ट्या उकडून सगळ्या एकदम तळून टाकू नयेत. उकडलेल्या बट्ट्या फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत चांगल्या राहतात आणि लागतील तेवढ्याच तळता येतात. शेवभाजीचा रस्सा आणि शेव वेगवेगळे ठेवावेत आणि वाढताना एकत्र करावेत. भिजून लगदा झालेली शेव दुसऱ्या दिवशी कोणी खात नाही, नुसता रस्सा मात्र टिकतो. उरलेल्या वरणात पीठ मळून पराठे होतात, पोळ्यांचा कुस्करा होतो.

वाया कुठे जाते? गायीला घालतो!

कचऱ्यात टाकण्यापेक्षा गुरांना घालणे केव्हाही चांगले. पण पैशाचा हिशेब पाहिला, तर पीठ, तेल आणि गॅस खर्चून केलेला हा फार महाग चारा आहे. शिवाय गायीचे पोट चाऱ्यासाठी घडलेले असते. पोळ्या, भात असे शिजवलेले धान्य एकदम जास्त खाल्ले, तर तिच्या पोटात आम्ल वाढून ती आजारी पडते, प्रसंगी दगावतेही. चतकोर भाकरी घालणे वेगळे आणि रोज पाटीभर शिळे ओतणे वेगळे. साली आणि देठ मात्र खुशाल घालावेत.

पण शिळे खाणे चांगले का?

हा आक्षेप रास्त आहे. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान अन्नात जंतू झपाट्याने वाढतात आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवलेले पातेले नेमके त्याच तापमानात असते. एरवी शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवे. पारा ३२ च्या वर असेल, तर एका तासात. गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवू नये आणि बाहेरही राहू देऊ नये, हे दोन्ही साधायचे तर ते पसरट ताटात काढून पंख्याखाली निववावे.

भाताबाबत विशेष काळजी घ्यावी. तांदळात असणाऱ्या एका जंतूची बीजे शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास उबदार जागी राहिला, तर ती रुजतात आणि त्यातून तयार होणारे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. रात्रभर बाहेर राहिलेला भात फोडणी देऊन खाणे म्हणूनच धोक्याचे आहे. बुरशी आलेल्या शेंगदाण्यांचेही तसेच : भाजल्याने त्यातले विष पूर्ण जात नाही, ते टाकूनच द्यावेत. येथे काटकसर करू नये, कारण दवाखान्याचा खर्च कोणत्याही बचतीपेक्षा मोठा असतो. आणि ज्यांना शिळे खाणे मुळातच पटत नाही, त्यांचा तो निर्णय मान्यच आहे. त्यांनी फक्त माप कमी करावे.

छतावर सोलर बसवले की प्रश्न मिटला ना?

केंद्र सरकारने १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू केलेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती छतांना दोन किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट वा अधिक क्षमतेला एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळते. आपल्याकडे उन्हाची कमतरता नाही. साक्री तालुक्यात महानिर्मितीचा मोठा सौर प्रकल्प उभा आहे, तो त्यामुळेच. तरीही एक बारकावा लक्षात ठेवावा. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटते आणि मे महिन्यात तापलेले पॅनेल सहज ६५ अंशांपर्यंत जाते. त्यात धुळीचा थर बसला, तर आणखी घट होते.

एक किलोवॅटचे पॅनेल महिन्याला साधारण १०० ते १२० युनिटे देते. म्हणजे नुसते पंखे बदलून ज्या घराने उन्हाळ्यात ६० युनिटे वाचवली, त्याला त्या महिन्यांपुरती अर्ध्या किलोवॅटची गरजच उरली नाही. म्हणून आधी फ्रिज सरकवावा, स्लॅबला चुना द्यावा, जास्त फिरणारा पंखा बदलावा. एक उन्हाळा आणि एक हिवाळा बिलावरची युनिटे पाहावीत, आणि त्यानंतरच किती किलोवॅट हवे ते विक्रेत्याला सांगावे.